बाराशे ब्रश आणि लोरेचा झाडू

आईची शप्पथ, शब्दन् शब्द खरा आहे! म्हणजे... शब्दन् शब्द म्हणजे, बारा आणे. बरं, दहा आणे. पण झाडू मी चोरला हे मात्र सोळा आणे खरं, ते कबूल करायलाच तर आलोय, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे असं बघू नका, आणि ओयगेन, तू तर बिलकूल बघू नकोस, आधी तो काटा खाली ठेव! हो, गेल्या शुक्रवारी या गुत्त्याच्या दारावरचा झाडू मीच काढला. दारावर झाडू टांगलेला असला की लोरेची वाइन चालू, नसला की बंद, हे मला काय शिकवता, मी याच खोऱ्यात वाढलोय! पण तुम्हाला सांगतो, तुम्ही अकरा जण अकरा वाजल्यापासून दीड तास बाहेर उभे होतात आणि आत लोरे एकटी कांद्याचा केक कापून बसली होती, म्हणत होती, "आज कुणी फिरकलं कसं नाही, साथबिथ आलीय का?" दार नुसतं लोटलेलं होतं! अकरा धडधाकट माणसं, पण एकानंही ढकलून बघितलं नाही. का? तर झाडू नाही, म्हणजे बंद. आणि तुम्ही आमच्या कॉम्प्युटरला हसता!

कॉम्प्युटर म्हणजे ती सिस्टिम हो. आमच्या ब्रशच्या कारखान्यात आता सगळं ढगात असतं. ढगात म्हणजे कुठेतरी लांब, दुसऱ्यांच्या मशिनींमध्ये, आपण इथून नुसतं बघायचं. त्याआधी सगळं कुठे असायचं? गेकेलरच्या डोक्यात! एक्केचाळीस वर्षं गोदाम सांभाळलं त्या माणसानं, वही नाही, यादी नाही. "हेर गेकेलर, घोड्याचे केस किती उरले?" की डोळे मिटणार, मिशीवरून बोट फिरवणार, आणि... "साडेतीन पोती. मधली फळी. मांजरीच्या मागे." आणि निघायची की साडेतीन पोती! मांजरसुद्धा निघायची!

पण फेब्रुवारीत गेकेलरला ताप आला. एकशे तीन. मालकीणबाई, आमच्या फ्राऊ वाइबेल, त्याच्या उशाशी खुर्ची टाकून बसल्या, "गोटलोब, डुकराचे राठ केस कुठे ठेवलेत?" आणि हा तापात बरळतोय, "निळा डबा, निळा डबा..." आम्ही निळ्या डब्यातले केस भरले, चारशे ब्रश पाठवले. ते निघाले बकरीचे. त्या भांडी घासायच्या ब्रशनी म्हणे बायका गालांवर पावडर लावायला लागल्या. त्याच दिवशी फ्राऊ वाइबेलनी ठरवलं, बास, आता सिस्टिम!

आणि हांबुर्गहून आली सास्किया ब्रांडेस. उत्तरेकडची बाई, हसली तरी ओठ हलत नाहीत. तिचं एकच पालुपद, "सिस्टिममध्ये आहे ना? मग आहे." गेकेलर खिडकीतून आभाळाकडे बघत विचारतो, "बाई, सगळं ढगात ठेवलंत, आणि पाऊस आला तर?" तर बाई थंडपणे, "सिस्टिममध्ये आहे ना? मग आहे."

आणि खोटं कशाला बोलू, सिस्टिम झकास आहे! ऑर्डर आली की ती स्वतःच बघते केस किती, लाकूड किती, कमी असेल तर मागवते, कुठल्या मशिनवर काय लावायचं सांगते, खोक्यावरची चिठ्ठी छापते, ट्रकची वेळ ठरवते. मालकीणबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसल्या बसल्या मोबाइलवर दोनशे झाडू रवाना केले! आता असं कुणाच्या वडिलांनी केलं होतं? आणि ही सिस्टिम सांभाळायचं काम कुणाला? मला! का? तर कारखान्यातल्या बावीस जणांमध्ये तिशीच्या आतला मी एकटा. शिक्षण विचारलं नाही, वय विचारलं.

तर सास्किया म्हणाली, "जे काम झाल्याशिवाय तुमच्याकडे आठवडा संपूच शकत नाही, ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहा. मनापासून." आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसांनी काय लिहावं? माल रवाना करणं? मशिनला तेल घालणं? बावीस चिठ्ठ्या उघडल्या, बावीसच्या बावीस एकच: झाडलोट! तिला कळेचना. मग मी समजावलं, बाई, आमच्याकडे ज्याच्या दाराला पाटी लागते त्याचा तो आठवडा, त्यानं शनिवारच्या आत जिना झाडायचा, पायऱ्या झाडायच्या, आणि पाटी पुढच्याच्या दाराला टांगायची. लग्न मोडेल, पण पाटी चुकणार नाही. तिनं ओठ न हलवता विचारलं, "म्हणजे झाडल्याशिवाय माल जात नाही?" आणि बावीस जण अभिमानानं, "नाही!"

मग मी ते तसंच भरलं. झाडलोट झाल्याशिवाय गोदामाचं दार उघडायचं नाही. तुम्ही म्हणाल, तू हे मुद्दाम केलंस. छे! आता पाळीची यादी निवडताना सिस्टिमनं विचारलं, "कामगार, की सर्व भागीदार?" ... तिथे माझं बोट जरासं घसरलं. बोट माझं होतं, घसरणं त्याचं होतं. आता सिस्टिममध्ये भागीदार कोण? सगळेच! कामगार, केसवाला, लाकूडवाला, गिऱ्हाईक, सगळे एका ओळीत. मला वाटलं, गंमत होईल, एखाद्या आठवड्यात लाकूडवाल्याचं नाव येईल, हसू.

आलं हूकस्ट्राचं!

हा हूकस्ट्रा म्हणजे हॉलंडचा चीजवाला, सहा फूट सात इंच, स्वतःच ट्रक चालवत येतो. त्याच्याकडे नऊ हजार चीजची चाकं फळ्यांवर पिकत बसलेली असतात, रोज घासावी लागतात, नाहीतर बुरशीची दाढी येते त्यांना. जुने ब्रश झिजले, बाराशे नवे हवेत, आणि शुक्रवारी बाराच्या आत, कारण बारा वाजता आपल्याकडे कारखाना काय, देवही घरी जातो. नऊ वाजता हा अंगणात हजर. म्हणाला, "मिळाले तर वर्षभर तुमच्याकडूनच घेईन. नाही मिळाले तर शेजारच्या गावात ब्रशवाला आहे, तिकडे वळतो." शेजारच्या गावात! फ्राऊ वाइबेल पांढऱ्याफटक. ज्या गावाला त्यांनी तीस वर्षांत नमस्कार घातला नाही, त्या गावात!

आणि दार उघडेना! पडद्यावर लाल अक्षरं: झाडलोट बाकी. जबाबदार: हूकस्ट्रा.

वर आणखी भांडण! सिस्टिम म्हणते बाराशे ब्रश तयार आहेत. गेकेलरनं डोळे मिटले, मिशीवरून बोट फिरवलं, "एक हजार ऐंशी. तुमचा ढग गळतोय." मी हांबुर्गला फोन लावला, "बाई, गिऱ्हाइकाच्या नावावर झाडलोट लागलीय, काढा ना!" तर ती, "बदलायचं असेल तर सर्व भागीदारांची संमती लागेल. दोनशे सहा. कामाला आठ दिवस." म्हटलं, अहो, तो परका माणूस आहे, त्याला कसं झाडायला सांगायचं? "सिस्टिममध्ये आहे ना? मग आहे."

शेवटी फ्राऊ वाइबेल गेल्या अंगणात, पदर, म्हणजे ॲप्रन सावरून, आणि म्हणाल्या, "हेर हूकस्ट्रा, या आठवड्याला जिना तुमच्याकडे आहे." मला वाटलं आता हा ट्रक सुरू करतो. त्यानं विचार केला, वरून खाली बघितलं, आणि म्हणाला, "झाडू कुठाय?"

झाडू! अहो, आत गोदामात सहा हजार झाडू, आणि दार उघडायला लागतो एक! ब्रशचा कारखाना, आणि बाहेर झाडू नाही! मी म्हटलं, "अरे, घरून कुणीतरी आणा की!" तर काय? बावीस जण, कुणी बुटाकडे बघतंय, कुणी ढगाकडे. कारण प्रत्येकाच्या घरी झाडू आहे, आणि तो कुठून आलाय ते त्याच्या दांड्यावर छापलंय, आणि मालकीणबाई समोर उभ्या! गेकेलर तर म्हणाला, "आम्ही घरी झाडतच नाही." गेकेलर! ज्याच्या पायरीवर ऑपरेशन करता येईल!

मग उरला कुठला झाडू? हाच, दारावरचा. म्हणून मी धावत आलो, काढला, धावत गेलो, आणि तुम्ही इथे तहानलेले राहिलात, त्याचं मला दुःख आहे. साधारण दुःख आहे.

आणि मग हूकस्ट्रा झाडायला लागला... काय सांगू! बावीस माणसं कामं सोडून दोन्ही बाजूंना उभी, लग्नाच्या मिरवणुकीसारखी. "कोपरा राहिला!" "वरून खाली, साहेब, खालून वर नाही!" "आमच्याकडे मधली पायरी दोनदा झाडतात!" आणि गेकेलर मागून बोट फिरवत, बोट बघत, मान हलवत. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मी म्हटलं, "हेर गेकेलर, झालं की, झाडलोट झाल्याचं बटण दाबू द्या त्याला!" तर हा, "पोरा, जिन्याखाली कोण झाडणार? तुझा ढग?" अकरा चाळीस! बिचारा एवढा उंच माणूस, घडी घालून जिन्याखाली गेला, फक्त बूट बाहेर. आणि आतून आवाज आला, "इथे एक खोकं आहे."

कसलं खोकं? ब्रशचं! चीजचे ब्रश! किती? एकशे वीस! फेब्रुवारीत, ताप चढायच्या दिवशी, यांनीच तिथे ठेवलेलं, यांच्याच अक्षरात लेबल! मशिनवरच्या जुन्या मोजणीवरून चालणारी सिस्टिम बरोबर होती, बाराशे म्हणजे बाराशे! सगळे गेकेलरकडे बघतायत. त्यानं डोळे मिटले. मिशीवरून बोट फिरवलं. आणि म्हणाला, "मला माहीत होतं. तिला सापडतंय का ते बघत होतो."

हूकस्ट्रानं बटण दाबलं, दार उघडलं, अकरा बावन्नला ट्रक बाहेर! वर्षभराची ऑर्डर! फ्राऊ वाइबेल रडल्या, सास्कियाचे ओठ म्हणे फोनवर हलले. फक्त एक झालं, हूकस्ट्राला झाडू फार आवडला, तो घेऊन गेला. सोमवारी त्याचा फोन, "माझी पाळी परत कधी?"

म्हणून लोरेला नवा झाडू दिला, तो बघा दारावर. आता गोदामातून झाडू गेला की तो कुणाच्या नावावर, ते सिस्टिमला लागतं. लोरे म्हणाली, "मला काय करायचाय झाडू? तो या पिणाऱ्यांना लागतो!" खरं आहे की! तेव्हा तुम्ही अकराही जण आता भागीदार आहात. अभिनंदन! झाडूचे चोवीस युरो नव्वद सेंट. आणि पुढच्या आठवड्यात जिना ओयगेनकडे. ओरडू नकोस, ओयगेन, सिस्टिममध्ये आहेस ना? मग आहेस.

मी? माझी पाळी कधी? तेच तर दुःख आहे हो. सगळ्यांची नावं मी भरली, दोनशे सहा, वर तुम्ही अकरा, गेकेलरची मांजरसुद्धा भरली, आणि भरणाऱ्याचं राहूनच गेलं. परवा सगळ्यांचा पगार झाला. मांजरीचा झाला. माझा नाही. मी फोन केला, "बाई, मी बोलतोय, मी आहे!" तर ती शांतपणे, "सिस्टिममध्ये नाही ना? मग नाही."

तेव्हा ओयगेन, झाडूचे चोवीस नव्वद काढ, आणि त्यातच माझे दोन ग्लास आणि हा केक धर. लोरे, याच्या नावावर लाव गं. माझ्या नावावर काय लावणार... मी आलोच नव्हतो.