लाडकीची गाडी

हॅलो?… बोल. सकाळी सकाळी ताईची आठवण? म्हणजे गाडी अडली असणार.

हो, हो… अगं ऐक ना, आधी रडणं थांबव. स्टार्टर फिरतोय?… जोरात ना? मग बॅटरी ठीक आहे. उगाच नवी घालत बसू नकोस.

सकाळी थंड असतानाच त्रास?… आणि दुपारी लगेच चालू?… हं.

मला काय विचारतेस? गाडी तुझी! बाबा गाडी दुरुस्त करायचे तेव्हा बॉनेटपाशी टॉर्च धरून मी उभी राहायचे, तू मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपायचीस. आणि किल्ली कुणाला? तर बाबांच्या छकुलीला!… चिडले नाहीये. जळतेय. हो, जळतेय, सरळ सांगते.

गाडी विक मला… नाही ना? मग बोलाव मेकॅनिक. ठेवते मी…

काय?… शेजारी कोण बसलंय?… बाबा? बॅग घेऊन?… कुठे निघालेत?

माझ्याकडे?

तू गळ घातलीस ना?… स्वतःहून? खरंच?… अगं मग आधी बोलायला काय झालं होतं, शहाणे!

थांब. किल्ली फिरव. दिवे लागेपर्यंतच, स्टार्टर नको… मागच्या सीटखाली घूंऽऽ आलं?… थांबलं? बंद कर. परत फिरव… आणि एकदा. पंप म्हातारा झालाय गं, रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतं, ते भरू दे आधी… हं, आता मार.

नाही?… कसं नाही? तुझा पाय कुठे आहे?… ॲक्सिलरेटरवर? पार तळापर्यंत? काढ!… बाबा म्हणाले? अगं, ती त्यांच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीची सवय! या गाडीत स्टार्टर मारताना पेडल तळाला टेकवलं की पेट्रोलच बंद होतं… हेच मी त्यांना तोंडावर सांगितलं, तर केवढा अबोला धरला माझ्याशी! तेव्हापासून पाऊल नाही टाकलं माझ्या घरात. तू मात्र ते म्हणतील ते मुकाट्याने करतेस. लाडकी उगाच नाही झालीस.

बरं, आता वाद नको. गुपचूप पाय बाजूला घे… घेतलास? मार.

झाली! ऐकू आली मला! पहिल्या फटक्यात!

काय म्हणताहेत?… "शाब्बास छकुली"?… "बघ, माझ्याच पद्धतीने झाली"?

अगं सांग ना त्यांना! ताईने सांगितलं म्हणून झाली म्हणावं! पाय काढायला मी…

नको… अगं नको, गप्प बस. काही सांगू नकोस. रुसून उतरतील खाली.

हो म्हण त्यांना. तुमच्याच पद्धतीने झाली म्हण… आणि निघ तू. वाटेत कुठे बंद करू नकोस, सरळ माझ्या दारात आणून बंद कर… हो, उभीच आहे मी दारात. ठेव आता. ठेव गं!