पाहुण्यांच्या मुखी लागलेली अंडी

...आता कोंबड्यांना कशाला बोल लावू? त्या बिचाऱ्या वेळच्या वेळी अंडी घालतात, पण तुम्हाला सांगते, खातं कोण? संस्थेनं कोंबड्या दिल्या त्या आमच्या चिमणीसाठी, माझ्या नातीसाठी. गावातली पोरं वजनात मागे, त्यात आमची सगळ्यात मागे. नर्सबाई तिला काट्याच्या झोळीत बसवायच्या, तेव्हा मी डोळे मिटून देवाला विनवायची, जरा हलू दे रे काटा... पण संस्थेची माणसं चांगली हो, नाव ठेवायला जागा नाही!

संस्थेचे साहेब विचारायला आले, मुलगी अंडी खाते ना? दारात आलेल्याला उपाशी कसं धाडायचं? सुनेनं दोन अंडी तव्यावर फोडली, साहेबांनी नको नको म्हणत खाल्ली. मग साहेबांचं काम बघायला वरच्या बाई, बाईंचं बघायला त्यांच्याही वरचे... जितका वरचा माणूस, तितकी मोठी ताटली! फोटोवाल्यानं तर चिमणीच्या हातात उकडलेलं अंडं देऊन फोटो काढला, आणि ते अंडं परत ताटलीत, कारण ड्रायव्हर खायचा राहिला होता. माणसं चांगली हो, नाव कुठं ठेवणार?

काटा मात्र ढिम्म. शेवटी सून हळूच म्हणाली, "आई, पाहुण्यांची वजनं भरली. आता आपल्या पोरीचं बघू या का?"

खरंच होतं तिचं. पण आल्या माणसाला पुरे कसं म्हणायचं? मग मी आपलं नेहमीचंच केलं, नवस बोलले : चिमणीचं वजन भरेपर्यंत या घरातलं अंडं दुसऱ्या कुणाच्या मुखी लागणार नाही. वरच्या बाई पुन्हा आल्या तेव्हा हात जोडून सांगितलं, तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो आजी, आम्हाला वाटायचं, नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल. मला तर अंडं आवडतही नाही."

घ्या!

देव पावला हो. काटा हलला, चिमणीच्या गालांवर मांस चढलं, नर्सबाईंनी तिचा पापा घेतला. बाईंना इतका आनंद झाला की चिमणीच्या दुधासाठी त्यांनी शेळी पाठवली. आता शेळी बघायला रोज माणसं येतात, आणि कित्ती समजूतदार! म्हणतात, "अंडं नको हो आजी, तुमचा नवस आहे. नुसता चहा चालेल."

चहात काय घालतात, ते मी तुम्हाला सांगायला हवं का? पण माणसं चांगली हो, नाव ठेवायला जागा नाही. शेळीसाठी कुठला नवस बोलावा, तेवढं सुचवा...

बसा ना, तोवर तुमच्यासाठी घोटभर चहा टाकते.