झूम लेन्स

बनारसला गोदौलियाच्या फोटो स्टुडिओत माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं.

“अगं, ही दुसऱ्या कंपनीची झूम लेन्स आपल्या कॅमेऱ्याला बसते म्हणतोय!”

“फिल्टर झाला, हूड झालं, फ्लॅश झाला. कॅमेऱ्यात रोल कधी घालणार तुम्ही?”

“चांगली लेन्स आली की घालणारच होतो ना!”

“परवा तुमच्या आईंचं तेरावं, आणि हार घालायला घरात फोटो नाही. दुसऱ्याच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून मोठं करून घ्यायला आलोय आपण!”

“भाभीजी, चेहरा थोडा धुंधला आएगा,” दुकानदार म्हणाला.

“आने दीजिए.”

“बघ, हीच लेन्स असती तर कितीही लांबून...”

“लांब कुठे होत्या हो आई? स्वयंपाकघरातच तर होत्या.”