खटखटाटातली बोली

— तोंड इकडं कर, दानेश्वरी. पाठमोरी बोललीस की मला काय बी कळत न्हाय.

— म्हटलं, संपला आयर्लंडच्या कॉलेजचा इंटरव्ह्यू. आत या आता, आप्पा. उन्हात कशाला उभे राहिलात?

— तूच म्हणलीस की, भाईर थांबा. खिडकीतनं बघत हुतो.

— बघून काय कळलं? सगळं इंग्रजीत होतं.

— इंग्रजी न्हाय कळलं. पण मधीच तू आवाज न काढता म्हणलीस, ‘आज शेंगाचटणी हाय, डबा संगं उघडू.’

— काचेपलीकडून वाचलंत?

— जन्म गेला की त्यात! मी मागावर, आन् सूत भरायच्या कांडी मशिनवरनं तुझी आई रोज असंच सांगायची. पण तू तिकडल्या बाईला डब्याचं कशाला सांगितलंस?

— त्यांनी विचारलं, किती भाषा येतात. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी म्हटलं. इंग्रजीत दोनदा अडखळले. मग म्हणाल्या, घरात पहिली कुठली शिकलीस? मी म्हटलं, लूमवरची. मागांच्या खटखटाटात काही ऐकू येत नाही, म्हणून आई-आप्पा नुसत्या ओठांनी बोलायचे. घरीसुद्धा.

— तू झोपलेली असायचीस म्हणून.

— झोपलेली कुठं? डोळे किलकिले करून वाचायची.

— समदं?

— सगळं.

— अरे देवा! ...मग बाई काय म्हणल्या?

— करून दाखव म्हणाल्या. दाखवलं, मग त्याचं इंग्रजी सांगितलं. बाईंनी परत करून दाखवायला सांगितलं. मला वाटलं, नेट अडकलं. मग म्हणाल्या, आम्ही इथं भाषांतर शिकवतो. तू ये, आणि यावरच लिही. शिष्यवृत्ती देतो.

— आमच्या डब्यावर? आयर्लंडात?

— हो, आप्पा.

— तुझी आई पायजे हुती आज, माझी कमल. तुला सांगू? लग्नाआधी कित्येक म्हयने मी तिचा आवाजच ऐकला न्हवता. अक्कलकोट रोडच्या शेडमधी नुसतं बघून बोलायचो. एक दिवस लाइट गेली. समदे माग एकदम थांबले. आन् ती मोठ्यांदा बोलतच हुती.

— काय म्हणत होती?

— ‘आमच्या घरी मागणी घालायला कवा येताय?’ सगळ्या शेडनं ऐकलं. लोक हसत हुते. एवढा गोड आवाज, आन् मला ठावकीच न्हवता.

— आप्पा, मी त्यांना नाही म्हणून सांगणार आहे.

— का?

— आई जाऊन वर्षही झालं नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. मी तिकडून कितीही ओरडले तरी तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करत बसणार.

— व्हय, लूमनं कान खाल्ले माझे. पण मोबाइलवर तोंड दिसतंय की. त्याला आवाज कशाला पायजे?

— असं कुठं असतं?

— जा, खिडकीभाईर जा. दार लाव. समज, तेच आयर्लंड. आता बोल.

(दानेश्वरी बाहेर जाऊन काचेपलीकडून नुसते ओठ हलवते.)

— न्हाय, आजून न्हाय जेवलो. आता जेवतो. रडू नको गं, ओठ नीट दिसंना झालेत. आन् ऐक, तितं थंडी लई असती म्हणं. मफलर बांधत जा. फकस्त तोंड झाकू नको.