राणीले धक्का कोण देईल?

गाडीच्या नावानं काय होते म्हणता? ऐका. जंगल दाखवाले बालाघाटच्या आमच्या मालकानं दोन जीपा घेतल्या. एकीले जुन्या राणीचं नाव देलतं, दुसरीले तिच्या दिवाणाचं, अन् दोन्ही नावं समोर मोठ्ठ्या अक्षरात रंगवली. मी ड्रायव्हर.

उकवा गावाजवळच्या नाल्यात राणीची जीप फसली. पाहुण्यायले संध्याकाळची रेल्वे पकडायची होती. गाव जमा झालं, पण हात कोणी लावेना.

"काहून उभे राह्यले, बाबा?"

म्हातारा म्हणे, "राणीले मागून धक्का द्यायचा काय?"

मंग सगळ्यायनं चपला काढल्या, समोरून दोर लावला अन् रथासारखी ओढून काढली. रेल्वे भेटली, माझा जीव भांड्यात पडला.

पुढल्या हप्त्यात तिथंच दिवाणाची जीप फसली. तिले लाथा मारमारून बाहेर काढलं.

"बाबा, जरा हळू!"

"हळू काहून? यानं आमच्या पणज्याले लय सतावलं होतं!"