डोलकाठीचं कुंकू

माजलगावच्या धरणात शिडाची होडी कोन चालवतं का? आमचा दत्ता चालवतो. नेव्हीतून रिटायर होऊन आला, तो हीच हौस घेऊन. होडीची डोलकाठी उघड्या अल्युमिनियमची, धरली की हात काळे. मग पठ्ठ्यानं ती पॉलिश पेपरनं घासघासून चकचकीत केली, वर मेण चढवलं अन् मला म्हणाला, "आता हिला काईच चिकटनार न्हाई बे."

होडी पाण्यात घालायच्या दिवशी त्याची आई पूजेचं ताट घेऊन आली. काकूंनी काठीला ओलं कुंकू लावलं, ते ओघळून खाली. परत लावलं, परत खाली. काकू ताट घेऊन काठावरच बसल्या.

"दत्ता, जिला कुंकू लागत न्हाई ती पाण्यात जायची न्हाई."

"आई, मेण हाय ते. खरवडलं तर तेवढी जागा खराब हुईल."

"हू दे."

शेवटी दत्तानं बोटभर जागेचं मेण खरवडलं. कुंकू लागलं, होडी गेली.

काही दिवसांनी बघतो तर कुंकू धुऊन गेलतं. सगळी काठी चकाचक, तेवढाच पांढुरका डाग. दत्ता लगेच मेणाचा डबा घेऊन निघाला, तर काकू म्हणल्या, "ऱ्हाऊ दे ते. दसऱ्याच्या पूजेला परत खरवडावं लागंल."