पांढऱ्या खिळ्यावरचा बिल्ला

नाही, बिल्ल्याचं नंतर — आधी मला बादली खटकली, कर्बी. गरम पाण्याची बादली. जशीच्या तशी भरलेली! ओडेट पाण्यातून वर आली की पहिलं काय करते? हातमोजे ओढून फेकते, दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत, आणि वर माझ्यावरच ओरडते — "हे पाणी आहे की बाळाच्या आंघोळीचं?" म्हणून आज मुद्दाम कडकडीत ठेवलं होतं. आणि त्या बुडालेल्या टगबोटीवरून निघून आपण बेटाला वळसा घातला तरी पाण्याला कुणी बोट लावलेलं नाही. — ओडेऽऽट! — कप्तान, परत टगपाशी आलोय ना, मग इंजिन बंदच ठेवा, नाहीतर काही ऐकू येणार नाही!

हं. तर मग मी बिल्ल्यांच्या फळ्याकडे पाहिलं. तिचा बिल्ला पांढऱ्या खिळ्यावर. म्हणजे वर आली. पाण्यात जाताना लाल, वर आल्यावर पांढरा, आणि ज्याचा त्यानंच हलवायचा — हे तुम्हाला मी सांगायचं? वीस वर्षं डुबक्या मारताय या खाडीत. मग तिचा बिल्ला काय चालत गेला? … असे बघू नका. विचारतेय फक्त. तुम्ही एकटेच शिडी चढलात, ते मी पाहिलं. सकाळी तुमची जुंपली होती, तेही पाहिलं — ती म्हणाली, टगच्या आत शिरायचं नाही, तुम्ही म्हणालात, मग घरी बसून मोजे विण. आत शिरलात ना? … शिरलात. गाळ उठला, स्वतःचा हात दिसेना, ती दिसेना, मिनिटभर शोधलं नि वर आलात. नियमच तसा आहे, मान्य — पण वर येऊन विचारायचं ना कुणाला! निळी टोपी दिसली म्हणे बाकावर. अहो, ती तिची जादाची टोपी, कर्बी! दोन आणते ती, नेहमी दोन!

आणि मग दोन्ही बिल्ले तुम्हीच हलवलेत. — काय? … सवय? … हो, ऐकलंय मी, तुमची मार्था डुबकीला सोबत असताना दोघांचे तुम्हीच हलवायचात. ती जाऊन तीन वर्षं झाली आणि हात अजून दोन उचलतो — आता यावर मी काय बोलू? खोटं म्हणवत नाही. खरं म्हणायला गेले की ती सकाळची तुमची मान आठवते, रागानं फिरवलेली. — ओडेऽऽट!

तिला इथं सोडून गेल्याला पन्नास मिनिटं झाली. ओहोटी लागलीय, धुकं हे असं, पाणी नऊ अंश. बासष्ट वर्षांची बाई.

खरं सांगू? तुम्ही मुद्दाम केलंत असं निघावं, असं मला मघापासून वाटतंय. बरं पडेल मला. कारण हजेरी कुणी घेतली? मी. यादी हातात माझ्या. "ओडेट" म्हटलं आणि मागून कुणीतरी "हो" म्हणालं. पुरुषाचा आवाज. कळला मला, तेव्हाच कळला — कॉफी हवी का, असं काहीतरी चाललं होतं तिकडे. मान वर करून बघायचं, एवढंच. पण गेल्या आठवड्यात सीलनं पाण्यातून डोकं काढलं तर मी किंचाळले होते ना, तेव्हापासून सगळे "सील आला गं, सील आला" करतात — म्हटलं, पुन्हा विचारलं तर पुन्हा हसतील. फळ्यावर बिल्ला पांढऱ्यावर होताच की. खूण केली, आणि कप्तानला म्हणाले, सगळे आहेत, निघू या.

मी म्हणाले. निघू या, असं.

नको. खांद्यावरचा हात काढा. मला समजावू नका, तुम्ही तर नकोच. तिकडे जाऊन बसा — आणि गप्प, सगळेच गप्प —

ओडेऽऽट!

ओडेऽऽट!

"डावीकडे गं! इथं पाण्यात, डावीकडे बघ, आंधळे —"